तुम्ही विचारलंत म्हणून: बदल्यात काय द्यावं लागलं?

लग्नात जेवणाच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. "अमेरिकेतलं ख्रिश्चन कॉलेज, आणि फी शून्य? मग बदल्यात काय द्यावं लागलं?" 'बदल्यात' म्हणताना आवाज हमखास खाली येतो. बाप्तिस्मा दिला का, एवढंच खरं तर विचारायचं असतं. नाही दिला, काकू. मी अजूनही चतुर्थी धरते आणि अजूनही दुपारी दोनला मोडते.

पण बदल्यात काहीतरी द्यावं लागलं, हे खरं. मी केरसुण्या बांधून दिल्या.

कॉलेजचं नाव बेरिया. केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराच्या दक्षिणेला तासाभराच्या आत, जिथे सपाट कुरणं संपून अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात तिथे. विद्यार्थी जेमतेम दीड हजार. 1892 पासून तिथे शिकवणीची फी घेत नाहीत. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला प्रवेशच मिळत नाही, त्यामुळे श्रीमंतांची मुलं आणि आपण अशी भानगड वर्गात नसते. बहुतेक जण त्या डोंगराळ भागातले, कोळसा खाणींच्या गावांमधले. आम्ही परदेशी मोजकेच. आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. ग्रंथालय, गोठा, कॉलेजचं बून टॅव्हर्न हॉटेल, विणकाम, सुतारकाम, संडास धुणं. कामाचा तासावर मोबदला मिळतो, तो बाजारभावापेक्षा कमी. पदवीच्या वेळी दोन गुणपत्रकं हातात पडतात, एक अभ्यासाचं, एक कामाचं.

पहिलं वर्ष मी खानावळीत ताटं विसळली. दुसऱ्या वर्षी झाडू विभागात गेले. तिथला झाडू ज्या काडीचा करतात तिला ब्रूमकॉर्न म्हणतात. नावात मका असला तरी तो मका नव्हेच. गठ्ठा सोडला आणि वास आला तेव्हाच मी म्हटलं, ही तर ज्वारी! ज्वारीचीच जात, फक्त दाण्यासाठी नाही, लांब तुऱ्यासाठी वाढवलेली. पायानं चालवायच्या यंत्रात दांडा अडकवायचा, तार ताणून धरायची आणि तुऱ्यांचे झुबके एकावर एक गुंडाळत जायचं. मग शिकंज्यात दाबून चपटा करायचा आणि जाड दोऱ्यानं शिवायचा. पहिल्या महिन्यात तळव्यांची सालं निघाली.

हे मी फोनवर घरी सांगितलं. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "केरसुणीच हातात द्यायची होती तर पोरीला एवढ्या लांब कशाला धाडली?" मला वाटलं, बाईमाणसाच्या कामाबद्दल बोलतेय. नंतर लक्षात आलं, झाडण्याचं तिला काहीच नव्हतं, जन्मभर तिनं तेच केलं. तिला खटकलं ते बांधणं. आमच्या गावात शिंदीच्या पानांची केरसुणी कोण बांधतं, ती बाई कुठे राहते, दिवाळीच्या आधी येते तेव्हा केरसुणी ओट्यावर ठेवून मागे का सरकते आणि पैसे तिच्या हातावर वरूनच का सोडले जातात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच केरसुणीला लक्ष्मीपूजनाला आम्ही हळदकुंकू वाहायचो.

आजोबांना मात्र सगळं लगेच कळलं. ते साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. "म्हणजे कमवा आणि शिका," ते म्हणाले, जणू मी कराडलाच गेले होते. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, पिठाची चक्की ओढण्यापासून शेतात दगड वेचण्यापर्यंत सगळं करायची. फी कुठून येणार, हा प्रश्न तिथेही होताच. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र त्या पोरांच्या जेवणापायी गेलं, हे आजोबा सांगायचे आणि दर वेळी चष्मा पुसायचे.

आता कॉलेज 'ख्रिश्चन' कसं, ते. 1855 मध्ये जॉन फी नावाच्या धर्मोपदेशकानं तिथे एका खोलीची शाळा काढली. केंटकी तेव्हा गुलामगिरीचं राज्य, आणि हा जॉन फी गुलामगिरी हे पाप आहे असं उघड सांगणारा, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरातला. जमीन दिली कॅशियस क्लेनं. (मुहम्मद अलीचं मूळ नाव हेच, आणि ते ह्याच माणसावरून आलेलं. आमच्यातल्या मुलांना इतिहासातलं तेवढं एक वाक्य पाठ असायचं.) 1859 च्या डिसेंबरात साठेक हत्यारबंद लोक घोड्यांवरून आले आणि जॉन फीसकट सगळ्या शिक्षकांना जिल्ह्याबाहेर हाकललं. गुलामगिरीवरून पेटलेलं यादवी युद्ध संपल्यावर मंडळी परतली. 1866-67 मध्ये पटावर 187 विद्यार्थी होते: 96 कृष्णवर्णीय, 91 गोरे. एका वर्गात. दक्षिणेत. कॉलेजचं ब्रीद बायबलमधलं आहे, देवानं पृथ्वीवरची सगळी माणसं एकाच रक्ताची केली, आणि त्या पटाइतका त्याचा चांगला अर्थ मला कुठल्या प्रवचनात सापडला नाही.

पहिल्या पदव्या 1873 मध्ये दिल्या गेल्या. त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. जोतीरावांना बेरियाचं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण ग्रंथालयात बसून हे दोन आकडे मी शेजारी लिहिले तेव्हा माझ्याच्यानं पुढे वाचवेना, बाहेर जाऊन चहा प्यायले. म्हणजे तिथे ज्याला चहा म्हणतात ते.

ही गोष्ट इथेच थांबवली तर छान वाटेल. पण 1904 मध्ये केंटकीच्या विधिमंडळानं डे कायदा केला: गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवणं गुन्हा. तसं शिकवणारं राज्यातलं कॉलेज एकच होतं, तेव्हा कायदा कोणासाठी ते सांगायला नको. कॉलेजला हजार डॉलर दंड झाला. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1908 मध्ये कॉलेज हरलं, सात विरुद्ध दोन. संस्थेला सनद राज्यानं दिली आहे, तेव्हा संस्थेवर अटी घालायचा हक्कही राज्याचाच, अशी पळवाट न्यायमूर्तींनी काढली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती हार्लन हे स्वतः केंटकीचे. कृष्णवर्णीय मुलांना आधीच दुसऱ्या कॉलेजांत पाठवावं लागलं होतं. त्यांच्यासाठी कॉलेजनं पैसे जमवून लुईव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभं केलं, ते 1912 मध्ये सुरू झालं. बेरियाचं दार त्यांना पुन्हा उघडलं ते 1950 मध्ये. कार्टर वुडसन, ज्यांच्यामुळे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना साजरा होतो, ते 1903 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. एक वर्ष उशीर झाला असता तर?

माझं मत विचाराल तर दोष फक्त कायद्याचा नव्हता. तेव्हाचे अध्यक्ष फ्रॉस्ट यांनी कायद्याच्या आधीपासूनच कॉलेजचं तोंड डोंगरातल्या गरीब गोऱ्यांकडे वळवलं होतं. देणग्या त्यांच्या नावावर जास्त मिळत. गरीब ते होतेच, त्यांना शिकवलं हे उत्तमच झालं, पण पंगतीत नवीन पान मांडताना जुनं उचललं जात होतं.

देणग्यांवरून आठवलं, फी नसण्याचं रहस्य चर्चच्या तिजोरीत नाही. 1920 मध्ये विश्वस्तांनी ठरवलं की मृत्युपत्रातून अटीविना येणारा पैसा खर्चायचा नाही, मुद्दलात टाकायचा. ते मुद्दल आज अब्ज डॉलरच्या वर आहे. वर्ग चालतात ते बहुतांशी त्याच्या उत्पन्नावर.

आणि धर्म? ख्रिस्ती धर्म समजून घेण्याचा एक अभ्यासक्रम आम्हाला सक्तीचा होता. त्यात मी निबंध लिहिला तुकोबांवर, आणि गुण चांगले पडले. फेल्प्स स्टोक्स चॅपेलमध्ये आम्ही व्याख्यानं आणि मैफली ऐकायचो. ती इमारत 1906 ची, विद्यार्थ्यांनीच उभारलेली, विटाही कॉलेजच्याच भट्टीतल्या. ऑक्टोबरात माउंटन डे असतो, वर्ग बंद. पहाटे अंधारात सगळे डोंगर चढतात आणि कड्यावरून सूर्योदय पाहतात. खाली झाडं लाल-पिवळी पेटलेली. मला मात्र चढताना दर वर्षी अजिंक्यतारा आठवायचा आणि वर कोणीतरी भजी विकत असेल असं वाटायचं.

सुट्टीत घरी येताना मी बांधलेला एक झाडू बॅगेतून आणला, दांडा तिरका कोंबून. दिवाळीच्या आधी केरसुणीवाल्या मावशी आल्या तेव्हा तो ओट्यावर पडला होता. त्यांनी उचलला, उलटा केला, तुऱ्यात बोटं घातली.

"जोंधळा हाय ह्यो."

"होय मावशी."

"कुणी बांधला?"

"मी."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत आजीकडे. आजी काही बोलली नाही.

"किती देत्यात?"

हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. मी तासाचा आकडा सांगितला, रुपयांत करून. त्यांनी मनात हिशेब केला, भुवया वर गेल्या.

"आन वर शाळा बी?"

"वर शाळा बी."

त्यांनी दांडा गुडघ्यावर आपटून पाहिला, दोन काड्या गळून पडल्या. "तार ढिली ऱ्हायलीय मानंपाशी," म्हणाल्या आणि शेजारी बसून मला दाखवायला लागल्या.