दिवा मालवण्याआधीचे बोलणे

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला झोपवताना आपण काय बोलतो ते ऐकून पाहिले, तर बहुतेक वाक्ये आज्ञार्थी निघतात: ‘चल झोप’, ‘डोळे मीट’, ‘आता गप्प’. झोप हुकमाने येत नाही, हे मोठ्यांना स्वतःवरून ठाऊक असते, तरीही. माझे मत असे, की या वयाच्या मुलाला झोपेपेक्षा ताटातूट नकोशी असते. दिवा मालवला की सगळी माणसे एकदम नाहीशी होणार असे त्याला वाटते, म्हणून त्या वेळी कोण कुठे आहे आणि यानंतर काय होणार आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ काम होते.

आमच्या घरी, ठाण्यात, लेकीबरोबर रोज रात्री अशी हजेरीच घेतली जाते. आजी तिच्या खोलीत. चपला रॅकमध्ये. सोसायटीची घसरगुंडी रिकामी. येऊरची माकडं झाडावर. ‘लोकल झोपली?’ या प्रश्नाला मात्र मी ‘नाही’ असेच उत्तर देतो, कारण तिची आई कधी कधी कामावरून उशिरा येते आणि ती लोकलनेच येते. ‘लोकल जागी आहे, आईला घेऊन येतेय’ हे खरे उत्तर तिला पुरते. तिला फसवून, डोळा चुकवून खोलीबाहेर सटकणे मला पटत नाही. ‘बाबा पाणी पिऊन येतो’ असे सांगून जावे आणि खरोखर परत यावे, मग ती जागी असो वा नसो.

‘उद्या’ हा शब्द या वयात जवळजवळ निरुपयोगी असतो. आमच्या लेकीच्या लेखी होऊन गेलेले सगळे ‘काल’ असते, मग ते सकाळचे असो की दिवाळीचे. त्याऐवजी ‘झोपून उठलीस, दूध प्यायलीस, की आपण बागेत जाऊ’ असा क्रम सांगितला, तर तो तिला धरून ठेवता येतो. हीच वाक्ये रोज त्याच शब्दांत म्हणावीत. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

घोडबंदर रस्त्यावर रात्री अवजड वाहनांची वर्दळ असते. एखादा कंटेनर खड्ड्यात आदळला, की लेक दचकून माझा सदरा मुठीत धरते. ‘काही नाही, घाबरू नकोस’ असे म्हटल्याने मूठ सुटत नाही, कारण काहीतरी झालेले तिने स्वतः ऐकलेले असते. ‘मोठा ट्रक होता. धडाम वाजला. आता लांब गेला,’ असे सावकाश सांगितले, की ती स्वतःच ‘गेला’ म्हणते आणि हात सैल होतो.

बागुलबुवाबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. माझ्या आईचे म्हणणे, तुम्ही सगळे त्याच्याच धाकाने झोपलात, आणि ते खरेही आहे. पण धाकाने मूल गप्प होते, त्याला झोप लागतेच असे नाही, आणि मध्यरात्री जाग आली की तोच बुवा पलंगाखाली हजर असतो. ‘पोलीसकाका नेतील’ हे तर मला अगदीच नामंजूर आहे. उद्या गर्दीत हात सुटला, तर तिने त्यांच्याकडेच जायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात 11 ते 14 तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप लागते, त्यात दुपारची झोपही आली. दुपारी पाच वाजेपर्यंत झोपलेल्या मुलापुढे रात्री कितीही गोड बोलले, तरी त्याचा उपयोग मर्यादितच.

रात्रीच्या पूर्वार्धात काही मुले गाढ झोपेतच किंचाळून उठल्यासारखी करतात. डोळे उघडे असतात, पण ती जागी नसतात. अशा वेळी प्रश्न विचारू नयेत, हलवून उठवू नये, केवळ इजा होणार नाही इतके पाहावे. पहाटेच्या वाईट स्वप्नाचे तसे नसते. तेव्हा मूल पूर्ण जागे असते, त्याला कुशीत घेऊन बोलावे लागते. पहिला प्रकार वारंवार होऊ लागला, तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे, पण सकाळी मुलाकडे त्याची चौकशी करू नये, कारण त्याला त्यातले सहसा काहीच आठवत नसते.