भिडूला उत्तर द्यायला शिकताना

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात पहिली बोली लावायला मी लवकर शिकलो. एक्क्याचे 4 पॉइंट, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. बेरीज 12-13 झाली की बोलायचं. खरी दमछाक झाली ती भिडूच्या बोलीला उत्तर देताना.

एक डाव अजून पाठ आहे. भिडूने एक इस्पिक लावलं, म्हणजे इस्पिक हुकूम करून सात हात करायची बोली. माझ्याकडे इस्पिकची तीन बारीक पानं, बदामाची दोन, चौकटचे राजा-राणी-गुलाम-दश्शी-छक्का आणि किलवरची राणी धरून तीन. एकूण 8 पॉइंट. चौकट इतकी देखणी, की मी लगेच दोन चौकट म्हणालो. भिडूकडे 15 होते. ते थेट तीन नो ट्रम्पवर (हुकुमाशिवाय नऊ हात) गेले आणि आम्ही दोन हातांनी बुडालो.

डाव संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "दोनच्या पातळीवर नवा रंग म्हणजे तुझ्याकडे निदान 10 पॉइंट आहेत, असं मी धरलं. 15 आणि 10 म्हणजे 25, गेम, म्हणजे बोनस मिळवून देणारी मोठी बोली, व्हायलाच हवा."

तेव्हा लख्ख कळलं. भिडूची पाच इस्पिकं आणि माझी तीन मिळून आठ, म्हणजे हुकूम ठरलेलाच होता. दोन इस्पिक म्हटलं असतं तर "पाठिंबा आहे, पण 6 ते 9 पॉइंटच आहेत" एवढं सगळं एका बोलीत पोचलं असतं. मी मात्र त्यांच्या बोलीला उत्तर द्यायचं सोडून माझी चौकट दाखवत बसलो होतो.

उलटी चूकही मी बरेच दिवस केली: 6 पॉइंट आले की पास. पण भिडूची एकची बोली 12 पासून थेट 20-21 पर्यंत काहीही असू शकते. त्याच्याकडे 19 असले तर माझ्या 6 ने गेम उभा राहतो. म्हणून 6 असले की बोलायचंच. एकच्या पातळीवर नवा रंग सांगितला तर भिडूला पास म्हणता येत नाही, हा मला या पद्धतीतला सर्वांत मोठा आधार वाटतो. चार बदाम आणि चार इस्पिक असतील तर आधी बदाम; भिडूकडे चार इस्पिकं असली तर तो एकच्याच पातळीवर ती सांगू शकतो.

भिडूने एक नो ट्रम्प लावलं की मात्र काम सोपं. त्याने 15 ते 17 सांगून टाकलेले असतात, त्यामुळे कुठे थांबायचं हे मी ठरवायचं.

मला अजून अवघड जातं ते 10 च्या आसपास. चार पानांचा पाठिंबा, 9 पॉइंट आणि एखाद्या रंगाचं एकच पान असेल तर मी आता तीनपर्यंत उडी मारतो, कारण ते एकटं पान हुकमाच्या खेळात दोन-तीन पॉइंटांचं काम करतं. आणि नवा भिडू समोर बसला की पत्ते वाटण्याआधी दोन गोष्टी विचारून घेतो: इस्पिक-बदाम पाच पानांवर उघडता की चार? आणि एक नो ट्रम्प किती पॉइंटांचं?