बाई, पाचवीला कुठं घालू?

मार्च उजाडला की चौथीतल्या मुलांचे आईबाप मला गाठायचे. शाळा सुटल्यावर पायरीपाशी थांबायचे आणि हळूच विचारायचे, "बाई, हाका पाचवेक खंय घालूं? सरकारी हायस्कूल बरें मू?" गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मी सव्वीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले, पण प्रश्न काही निवृत्त झाला नाही. आता तो वाळपईच्या बाजारात येतो, देवळात येतो, फोनवर येतो. उभ्या उभ्या दोन वाक्यांत त्याचं उत्तर देणं मला कधी जमलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहून काढते.

आधी निकालाचं, कारण तुम्ही सगळे तिथूनच सुरुवात करता. "त्या शाळेचा शंभर टक्के लागला, सरकारीचा ब्याण्णव." मीसुद्धा एके काळी तिथूनच सुरुवात केली होती. माझ्या मुलाला पाचवीला घालायची वेळ आली तेव्हा मी स्वतः शिक्षिका असून घराजवळचं सरकारी हायस्कूल सोडलं आणि लांबच्या एका अनुदानित शाळेत त्याचं नाव घातलं. शाळेच्या फाटकावर दहावीच्या निकालाचा फलक होता, त्यावरचा आकडा बघूनच. आठवीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. नववीत गणित आणि विज्ञान जड जाऊ लागलं, वर्षाच्या शेवटी तो नापास झाला, आणि मला बोलावून सांगितलं, "इथं परत नववीत बसवण्यापेक्षा दाखला घेऊन जा. त्याच्याच भल्याचं आहे." मी घेऊन आले. पुढच्या वर्षी त्याच्या वर्गाची दहावी झाली, शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, फाटकावर नवा फलक लागला. माझा मुलगा पास झालेल्यांत नव्हता आणि नापास झालेल्यांतही नव्हता. चौथीच्या मुलांना मी अपूर्णांक शिकवत आले, तरी हे मला तोवर दिसलं नव्हतं: अंश वाढवायला कष्ट पडतात, छेद कमी करायला एक दाखला पुरतो.

हे नववीतच का होतं, तेही समजून घ्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही असं ठरलं. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवीत आणि आठवीत परीक्षा घेऊन मागं ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण मुलाला शाळेतूनच काढायला आठवीपर्यंत कायद्यानं बंदी आहे. नववीला ते कवच संपतं आणि दहावी एका वर्षावर आलेली असते. ज्या शाळेला फलक प्यारा, ती तिथं चाळण लावते. सगळ्याच शाळा असं करत नाहीत. ज्या करतात, त्यांची टक्केवारी बघून मात्र ते कळत नाही.

माझा मुलगा नंतर त्याच घराजवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये परत नववीत बसला. तिथल्या गणिताच्या सरांनी पहिल्या आठवड्यात त्याला बीजगणित दिलंच नाही. अपूर्णांकाच्या बेरजा दिल्या. पंधरा वर्षांचा मुलगा पाचवीची गणितं करत होता आणि सर शेजारी बसून बघत होते, नेमका कुठं अडखळतो ते. दहावीला तो सेकंड क्लासमध्ये पास झाला, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, आज स्वतःच्या कामावर उभा आहे.

म्हणून शाळेत गेलात की टक्केवारी विचारू नका. विचारा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती, आणि त्यातली किती दहावीला बसली? तोंडी विचारायला संकोच वाटत असेल तर युडाइसवर, म्हणजे देशभरच्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर, शाळेची माहिती सगळ्यांना खुली असते. प्रत्येक शाळेचा अकरा आकडी क्रमांक असतो, गोव्यातल्या शाळांचा ३० नं सुरू होतो. तिथं इयत्तेनुसार पट असतो, शिक्षकांची संख्या असते. एका वर्षाची आठवी आणि दोन वर्षांनंतरची दहावी शेजारी शेजारी लिहून बघा. चाळीसची सव्वीस झाली असतील तर चौदा मुलं कुठं गेली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मूल कमी झालं म्हणजे शाळेनं घालवलंच असं धरू नका. आपल्याकडे सरकारी शाळांत कर्नाटकातून, उत्तरेतून कामाला आलेल्यांची मुलं पुष्कळ असतात. बापाचं काम संपलं की मुलाची शाळाही बदलते.

लहान शाळेच्या टक्केवारीला तर फारच जपून हात लावा. गावाकडच्या कित्येक सरकारी हायस्कुलांत दहावीला बारा-पंधरा मुलं बसतात. बारातलं एक नापास झालं की निकाल ९१.६७ वर येतो. पुढच्या वर्षी बाराच्या बारा पास झाली की शंभर. शिक्षक तेच, फळा तोच. एका वर्षाचा आकडा तिथं काहीच सांगत नाही, चार-पाच वर्षांचे घ्या. राज्याचाच निकाल आता नव्वदच्या वर लागतो, शिवाय आपल्या गोवा मंडळात खेळाचे वाढीव गुण मिळून पास होणारी मुलंही त्यात धरलेली असतात. त्या गुणांबद्दल माझी तक्रार नाही, कबड्डी खेळून मिळवलेलेच असतात ते. पण गणितात मूल कितपत तयार झालं, हे तेवढ्यावरून कळायचं नाही.

आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पाचवीचं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यात आपल्या भागात मराठी शाळा जास्त. हायस्कुलं मात्र बहुतेक पाचवीपासून इंग्रजी माध्यमाची. म्हणजे माझ्या हाताखालचं मूल चौथीत 'परिसर' मराठीतून शिकतं आणि जूनमध्ये त्याच्यापुढं इंग्रजीतलं विज्ञान येतं. १९९० पासून प्राथमिकचं अनुदान मराठी-कोंकणी शाळांनाच होतं, तोवर हा खड्डा बहुतेकांना सारखाच होता. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं. तेव्हापासून एका शाळेच्या पाचवीत पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मुलं जातात आणि दुसऱ्या शाळेच्या पाचवीत आमची. दहावीला दोघांचा निकाल एकाच यादीत छापून येतो. कोण कुठून निघालं, हे त्या यादीत नसतं.

सरकारी हायस्कूल चांगलं की नाही, हे मी पाचवी-सहावीच्या वर्गावरून ठरवते. एकदा माझ्या जुन्या मुलांना भेटायला गेले होते. विज्ञानाच्या मॅडमनी ओलं फडकं फळ्यावरून फिरवलं आणि काही न बोलता बाजूला उभ्या राहिल्या. डाग कडेनं आत आत सुकत गेला. "उदक खंय गेलें?" त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं वाऱ्यानं नेलं, कुणी म्हणालं फळ्यानं प्यालं. मग विचारलं, "चौथीत बाईंनी ह्याला काय शिकवलं होतं?" मागच्या बाकावरची माझी एक मुलगी, जी जूनपासून वर्गात बोललीच नव्हती म्हणे, ती म्हणाली, "बाष्पीभवन." मॅडमनी तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्याच्याच खाली 'एव्हॅपोरेशन'. मुलांनी दोन्ही वहीत उतरवून घेतले. त्या तासाला मी मागं बसून डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या एका शाळेतल्या मुलाची वही मी पाहिली. मोत्यासारखं अक्षर, इंग्रजी उत्तरं बिनचूक, प्रत्येकाखाली बरोबरची खूण. मी एका ओळीचा अर्थ विचारला. त्यानं पान उलटलं. म्हणून तुम्ही शेजारच्या सहावीतल्या मुलाची वही मागून घ्या आणि तिच्यात चुका शोधा. मोडकं, पण मुलाचं स्वतःचं वाक्य, त्यावर लाल शाईनं केलेली दुरुस्ती, खाली पुन्हा लिहिलेलं वाक्य. अशी वही जिथं दिसेल तिथं भाषा शिकवली जाते आहे. सगळ्या वर्गाच्या वह्या सारख्या असतील तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे.

जायचं असेल तर वर्ग चालू असताना जा. २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरू लागले आहेत, तेव्हा चौथीच्या पालकांना ते सोपं झालं आहे. उन्हाळ्यात गेलात की पंखे फिरतात का, नळाला पाणी आहे का, मुलींच्या शौचालयाला आतून कडी आहे का, हेही दिसतं. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. कपाटातल्या बाटल्या मोजू नका, स्पिरिटच्या दिव्याची वात बघा. काळी झालेली असली तर प्रयोग होतात. पांढरीशुभ्र असली तर ती नुसती ठेवायची खोली आहे. संगणकाचंही तेच. कोडिंग आणि रोबोटिक्सची सरकारी योजना सहावी ते आठवीसाठी आहे. ती शाळेत आहे का, हे विचारून भागत नाही. सातवीतल्या मुलाला विचारा, शेवटचं काय केलंस? तो हातवारे करून सांगायला लागला की समजा.

आणि शिक्षक. गणिताचे, विज्ञानाचे, इंग्रजीचे शिक्षक कायम आहेत की लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं तात्पुरते घेतलेले, किती वर्षं त्याच शाळेत आहेत, हे स्पष्ट विचारा. सरकारी शाळेचं मोठं दुखणं मला हेच वाटतं. बदली होते आणि जागा भरायला महिने जातात. चांगल्या हायस्कुलाची दहावी एका वर्षाच्या रिकाम्या तासांनी घसरलेली मी पाहिली आहे. लेक्चर बेसिसवरचे तरुण शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते तिथं असतीलच याची खात्री त्यांनाही नसते. सरकारी आहे म्हणून मी हे झाकणार नाही.

व्यावसायिक विषयांना मात्र कमी लेखू नका. नववीपासून काही सरकारी हायस्कुलांत आयटी, ऑटोमोबाईल, ब्युटी अँड वेलनेस, हेल्थकेअर, रिटेल असले विषय असतात. "ते हुशार नसलेल्यांचे," असं एक आजोबा मला म्हणाले. त्यांचा ट्रॅक्टर बंद पडला की ते कुणाला बोलावतात, एवढंच मी त्यांना विचारलं. तुमच्या शाळेत कुठला विषय आहे आणि तो पुढं जवळच्या उच्च माध्यमिकात किंवा आयटीआयला चालू ठेवता येतो का, हे विचारून घ्या. मये आणि पणजीतल्या आल्तिनोच्या सरकारी तंत्रनिकेतनांत दहावीनंतर थेट डिप्लोमाला जाता येतं, तेही मुलांना आठवीतच कुणीतरी सांगायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणानं विषयांची मांडणी बदलत आहे, तेव्हा यादी शाळेतूनच घ्या, गेल्या वर्षीच्या पालकांकडून नको.

बाकीचं थोडक्यात. माध्यान्ह आहार आठवीपर्यंतच आहे, नववीपासून डबा द्यावा लागेल. बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या शाळेच्या बसेस, अनुदानित शाळांना आहेत. सरकारी हायस्कुलाला बहुतेक ठिकाणी कदंबाच्या, म्हणजे सरकारी बसच्या, वेळेवर चालावं लागतं, पावसात तर एक बस चुकली की दिवस गेला. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला रोज किती चालायचं आहे, हे घड्याळ लावून बघा. आठवीपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावेत असा कायदा आहे. शेवटची बैठक कधी झाली, ते विचारा.

गेल्या वर्षी एका मुलीची आई मला बरोबर घेऊनच एका सरकारी हायस्कुलात गेली. हेडमिस्ट्रेस बाईंना मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. "आठवीत एकतीस होती, दहावीला अठ्ठावीस बसली," म्हणाल्या. दोन भावंडं आईवडिलांबरोबर बेळगावकडे गेली, त्यांचे दाखले पोचल्याचं पत्रही आलं होतं. तिसऱ्या मुलीचं नाव घेऊन त्या थांबल्या. "ती राहिली. मी दोनदा घरी जाऊन आले. आजी आजारी, घरात दुसरं कोणी नाही. ह्या वर्षी परत जाणार आहे."

बाहेर पडल्यावर बसची वाट बघत आम्ही उभ्या होतो. बराच वेळ ती आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, प्रवेशाला चौथीच्या दाखल्याबरोबर आणखी काय काय लागतं?"