तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी किती देते?

लग्नाच्या पंगतीत, बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर, गणपतीच्या आरतीनंतरसुद्धा एकच प्रश्न : "गाडी किती देते?" मी लिटरला 13 किलोमीटर म्हणतो आणि समोरचा चेहरा पडतो. "कंपनी तर 18 सांगते की!" म्हणजे एक तर माझी गाडी खराब, नाहीतर मला चालवता येत नाही. पाच वर्षं हाच प्रश्न ऐकतोय.

18 हा आकडा खोटा नाही, पण तो रस्त्यावरचा नाही. कंपनीच्या आकड्याची चाचणी गाडी रोलरवर ठेवून होते. वीसेक मिनिटांची, एसी बंद, वेग जास्तीत जास्त 90. त्यात टिळकवाडीचं पहिलं रेल्वे गेट नसतं, मे महिन्याचं ऊनही नसतं. माझं घर शहापुरात, कारखाना उद्यमबागेत. इंजिन नीट तापायच्या आत मी पोचलेला असतो, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त ओढतं. गावातल्या गावात मला 11 च्या वर कधी पडलं नाही. कोल्हापूरला जाताना 80 धरली तर 17 पडतं, 110 ने हाणली की परत 13. वेग वाढला की हवा त्याच्या वर्गाच्या पटीत आडवी येते, आणि माझ्या गाडीसारख्या उंच गाड्यांची छाती रुंद.

आता खरं सांगतो. पहिली दोन वर्षं मी 17 सांगायचो. डॅशबोर्डवर एकदा दिसलेला आकडा होता तो. टाकी फुल्ल ते फुल्ल मोजलं तर डॅशबोर्डपेक्षा दीड-दोन कमीच पडायचं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. 17 खरा करायचाच, या हट्टाने पेटलो होतो.

त्या हट्टापायी गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटातला प्रकार झाला.

मे महिना. आईला मंगेशीला न्यायचं होतं. जांबोटी, कणकुंबी सोडली आणि उतार लागल्यावर मी गाडी न्यूट्रलला टाकली. एसी बंद, काचा खाली. पुढे बसलेली आई दोनदा म्हणाली, "गरम होतंय रे." मी म्हटलं, "थांब थोडं, बघ आकडा कसा चढतोय." गाडी आपोआप पळत होती आणि प्रत्येक वळणाला मी ब्रेक दाबत होतो. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा आई म्हणाली, "काहीतरी करपतंय." रानात कुणी पाला पेटवला असेल असं मला वाटलं. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं. पुन्हा दाबला, तर जवळजवळ तळाला गेलं.

तिसरा गिअर घातला, मग दुसरा. इंजिन ओरडलं, गाडी हिसका देऊन आवरली. हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूला लावली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. बाटलीतलं पाणी ओतायला गेलो तेवढ्यात गोव्याला भाजी घेऊन निघालेला पिकअपवाला थांबला. "पाणी नको सर, डिस्क वाकडी होते. न्यूट्रलला सोडलेली काय?" मी मान खाली घातली. आई काहीच बोलली नाही. खिडकीवरची मूठ तिने इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचा वळ उठला होता. गोव्यातलं साखळी गाव येईपर्यंत ती तो हात चोळत बसली होती.

बेळगावात आल्यावर मिस्त्रीने सांगितलं की ब्रेक ऑईल उकळून त्यात वाफ धरली होती. पुढचं त्याने सांगितलं ते जास्त लागलं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे आईचा जीव टांगणीला लावून मी वाचवलं काय, उलट जास्त जाळलं.

तेव्हापासून घाट तिसऱ्या-दुसऱ्यात उतरतो. दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना हवा बघतो. दारावरच्या पट्टीवर 33 लिहिलंय तेवढीच भरतो. छतावरचा कॅरिअर काढून टाकला. गेट पडलं की इंजिन बंद. पुढचा सिग्नल लांबून बघून पाय आधीच काढायचा, याने सगळ्यात जास्त फरक पडला. एवढं करूनही 13 चं 14 झालं, 18 नाही. "मग केलंस कशाला?" असं विचारू नका. महिन्याला जे वाचतं ते मला दिसतं.

पुन्हा पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं घटणारच. हे मी भावोजींना म्हटलं तर ते चिडले. त्यांचा ऊस इथेनॉल करणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्याला जातो. "तुझं एक किलोमीटर कमी झालं म्हणून आमचं उसाचं बिल अडवायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. उसाचा पैसा मलाही कळतो, आणि पंपावरचा आकडाही.

वही ठेवलीय, प्रत्येक टाकी लिहितो. गेल्या टाकीला 13.1 पडलं. आई अजून मागेच बसते.