पटकीच्या आठवणीची वाट

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आटोपून दिंडी तरडगावकडे निघाली. रस्त्याकडेला ओट्यावर शेंदूर फासलेले तांदळे नि लिंबाचा डहाळा दिसला, तशा डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी थबकल्या. "मरीआई हाय. हात जोड, माऊली."

मग पुढचं मैलभर तोच विषय. त्यांच्या आजेसासूकडून ऐकलेला. गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली की देवीचा लाकडी गाडा करायचा, त्यात खण, बांगड्या, लिंबू, दहीभात ठेवायचा आणि वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेपार ढकलायचा. शेजाऱ्याच्या दारात मरण नेऊन ठेवणं मला क्रूरच वाटतं. पण हातात दुसरं होतं तरी काय?

१८१७ साली बंगालमध्ये जेसोरला भडकलेली साथ पुढच्याच वर्षी, पेशवाई बुडाली तेव्हा, दख्खनेत पोचली. त्यानंतर आषाढी आणि पटकी यांची गाठ पडतच राहिली. पहिल्या पावसात घाण विहिरी-ओढ्यांत उतरायची, पंढरीच्या वाळवंटात माणूस मावायचा नाही, आणि चंद्रभागेतच आंघोळ, धुणं नि प्यायचं पाणीही. लागण दिसायला कधी काही तास, कधी पाच दिवस लागतात. म्हणजे द्वादशीला धडधाकट निघालेला वारकरी वाटेत नाहीतर घरी पोचून पडायचा. "जाणाऱ्याच्या पाया पडायचे," आजी म्हणाल्या, "येणाऱ्याला येशीतच थोपवायचे."

सरकारनं बोट यात्रेकडे दाखवलं, यात्रेकरूंवर कर बसवला. कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं १८८४ साली कोलकात्यात तळ्याच्या पाण्यात हा जंतू दाखवला, तरी स्वच्छ पाणी वारीपर्यंत यायला फार वर्षं गेली. त्याआधी आली ती सक्तीची टोचणी. दिंडीतले जुने लोक अजून दंड चोळत तिच्या गोष्टी सांगतात.

मुक्कामी टँकर उभा होता. आजींनी तांब्या भरला, एक घोट घेतला नि तोंड वाकडं केलं.

"वास मारतंय की रं."

"टीसीएलचा हाय, आजी, जंतू मारायच्या पावडरीचा. वास येतोय म्हणून तर प्या."

"तू पी." त्यांनी तांब्या तसाच भिशीच्या चुलीकडे नेला. "च्या ठेव ह्याचा. आलं घाल दाबून."