वडे आधी, मग सागोती

हायवेवरच्या पाट्यांवर ‘कोंबडी वडे’ लिहिलेलं असतं. मुंबईतल्या मालवणी खानावळींच्या फळ्यांवरही तेच. आमच्या कुडाळच्या घरात हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिथे म्हणतात ‘वडे-सागोती’. वडे आधी बोलायचे, कोंबडी मागाहून. हा क्रम उगाच पडलेला नाही, असं माझं मत आहे, आणि दर आखाडात डोंबिवलीच्या ओट्यापाशी उभा राहिलो की ते आणखी ठाम होतं.

सागोतीचा स्वभाव मुळात समजूतदार. पाहुणे वाढले की दोन बटाटे चिरून टाका, रस्सा वाढवा, ती काही बोलत नाही. गावठी कोंबडा असेल तर तास-दीड तास रटरटत बसते, ब्रॉयलर असेल तर पंचवीस मिनिटांत तयार. कांदा-खोबरं तांबूस होईपर्यंत नीट भाजलं आणि वाटप बारीक झालं, की बाकीचं ती सांभाळून घेते. सकाळी केलेली रात्री जास्त चांगली लागते.

वडा असलं काही खपवून घेत नाही.

त्याचं दुखणं पिठापासून सुरू होतं. आईचं माप असं: चार वाट्या तांदळाला एक वाटी उडदाची डाळ, अर्धी चण्याची, वर धणे, जिरं, बडीशेप आणि चमचाभर मेथ्या. मेथ्या जास्त झाल्या तर वडा कडू, नसल्याच तर त्याला वास नाही. दळण रवाळ हवं. इथे गिरणीत ‘जाडसर’ सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि तोंडाला लावायच्या पावडरीसारखं पीठ हातात देतो. म्हणून पीठ गावाहूनच येतं. कोकण रेल्वे सुरू होण्याआधी ते रात्रीच्या एसटीने, कुणातरी ओळखीच्या माणसाच्या पायाशी बसून यायचं. आता तुतारी एक्स्प्रेसने येतं आणि ठाण्याला उतरवून घ्यावं लागतं.

तांदळाला गव्हाचा चिवटपणा नाही. गरम पाण्याने त्याला मऊ करायचं आणि उडदाच्या भरवशावर एकत्र ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. मळलेला गोळा तीन-चार तास झाकून ठेवायचा. आजी त्यात खळगा करून कांदा ठेवायची, शेजारी निखारा, वर तेलाची धार, की लगेच परात झाकायची. मी एकदा गॅसवर कोळसा लाल करून हे करायला गेलो. वड्यांना वास लागला की नाही कोण जाणे, जिन्यात मात्र भरपूर लागला. समोरचे काका बादली घेऊन दारात.

थापायला गावी केळीचं पान, इथे फाडलेली दुधाची पिशवी. कडा आणि मध्य एका जाडीचे हवेत. बोटाने मधोमध भोक पाडायचं. माझी आत्या भोक पाडत नाही, आणि त्यावरून आई आणि ती गेली चाळीस वर्षं एकमेकींच्या वड्यांबद्दल गोड बोलतात. तेल पुरेसं तापलेलं हवं. कमी तापलं तर वडा तेल पीत तळाशी पडून राहतो. नीट तापलं असेल तर आतल्या पाण्याची वाफ होते, झाऱ्याने वरून तेल उडवलं की तो टम्म फुगतो. माझे दहातले सहा फुगतात. नागपूरची बायको पहिल्यांदा म्हणाली होती, “पुऱ्या छान झाल्या, जरा जाड आहेत.” लग्नाला तेव्हा तीनच महिने झाले होते, म्हणून मी गप्प बसलो.

जेवताना एक गोष्ट बघा. कोंबडीच्या फोडी किती घेतल्या, हे कुणी मोजत नाही. वडे मोजतात. आमच्या काकांचा तेरा वड्यांचा विक्रम अजून सांगितला जातो. सागोती कशी होती ते कुणाला आठवत नाही. आईचा रात्री फोन येतो तेव्हाही पहिला प्रश्न ठरलेला: “वडे फुगले काय रे?” कोंबडीची चौकशी नाही.

शिवाय वड्याला कोंबडीवाचून अडत नाही. म्हाळाला तेच वडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर पानात येतात. कावळ्यालाही आधी वडाच लागतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, थोडा चिवट झालेला शिळा वडा चहात बुडवून खायचा, हे तर मी ताज्याच्याही वर ठेवतो.

परवा रात्री चाळीस थापले होते. सकाळी चहा ठेवून डबा उघडला, तर एकच वडा आणि त्याच्यावर बायकोचा हात. सागोती पुढे तीन दिवस फ्रीजमध्ये होती.