एक हजाराची भर

2022 च्या पावसाळ्यात महापे येथील आमच्या कार्यालयात ठाणे खाडीकाठच्या कांदळवनाचा आढावा चालू होता. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. त्यांतील लाल आणि निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांचा एक पिक्सेल जमिनीवरचा दहा मीटर बाजूचा चौकोन दाखवतो, आणि या दोन पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, मिळतो. फेब्रुवारी 2021 आणि फेब्रुवारी 2022 चे नकाशे शेजारी ठेवल्यावर आम्ही सगळेच अस्वस्थ झालो, कारण ऐरोलीपासून वाशीपर्यंत दाट तिवरांचा, म्हणजे कांदळवनातल्या झाडांचा, निर्देशांक 0.76 च्या आसपास होता तो 0.48 वर आला होता.

तिवर सदाहरित असते. वर्षभरात एवढी घट होणे याचा अर्थ झाडे मोठ्या प्रमाणावर मरत आहेत असाच निघत होता, आणि बेलापूरच्या काँक्रीटचे आकडे जवळपास जागच्या जागी असल्याने नकाशावर शंका घ्यायलाही जागा दिसत नव्हती. विभागप्रमुख मॅडमनी वन विभागाला पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला सांगितले. मला मात्र येऊरचे जंगल खटकत होते, कारण खाडीच्या पाण्याशी त्याचा काहीच संबंध नसताना तेथेही घट झालेली दिसत होती.

म्हणून निर्देशांक बाजूला ठेवून मी मूळ पट्टेच उघडले. तिवरांच्या एका पिक्सेलवर लाल पट्ट्याची किंमत 400 च्या जागी 1400 होती आणि निकट-अवरक्ताची 3000 च्या जागी 4000. भर खाडीतल्या पाण्यावर आणि कारखान्यांच्या छपरांवरही साधारण तेवढीच वाढ होती. दोन्ही पट्ट्यांत सारखीच भर पडली की वजाबाकी तीच राहते, पण भाजक दोन हजारांनी फुगतो. काँक्रीटची वजाबाकी मुळातच शून्याजवळची असल्याने तेथे फरक जाणवत नाही, आणि हिरवे तेवढे खाली येते.

उलगडा उपग्रह-प्रतिमा हाताळणाऱ्या स्नॅप या मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरच्या नव्याने आलेल्या नवव्या आवृत्तीमुळे झाला. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या प्रक्रियेची 04.00 ही पद्धत लागू झाली आणि प्रत्येक किमतीत 1000 मिळवले जाऊ लागले, जेणेकरून अतिशय गडद पृष्ठभागांवर येणाऱ्या किंचित ऋण किमती शून्यावर कापल्या जाऊ नयेत. ते 1000 वजा करायचे असल्याची नोंद प्रतिमेसोबतच्या माहितीफाईलमध्ये असते. आमच्या संगणकांवरची जुनी आवृत्ती ती नोंद न वाचता किमतीला नुसती 10,000 ने भागत होती. नवी आवृत्ती आधी वजाबाकी करते. एका सहकाऱ्याने मूळ कोड उघडून ती वजाबाकी कुठे होते हे मॅडमना ओळ दाखवून समजावले, तेव्हाच त्यांनी पत्र थांबवले. कोड बंदिस्त असता तर आमच्या हाती दोन वेगळे आकडे असते, पण त्यांतला कोणता खरा हे सिद्ध करता आले नसते. सार्वजनिक निर्णय ज्या आकड्यांवर होतात, त्यांची घडण कोणालाही तपासता आली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

नव्या आवृत्तीत नकाशे पुन्हा काढल्यावर दोन्ही वर्षे जवळजवळ जुळली. ऐरोलीच्या बाजूचा एक अरुंद पट्टा मात्र तरीही फिका राहिला. ओहोटीच्या वेळी आम्ही तेथे गेलो, तेव्हा मातीच्या एका बांधामुळे भरतीचे पाणी आत येणे बंद झाल्याचे आढळले. पत्र गेले ते तेवढ्या पट्ट्यापुरतेच.